एका बाजूने सपाट

साखरपुड्याच्या अंगठीसाठी हर्षदाने नेमका वाकडा नीलम उचलला. एका बाजूने कापल्यासारखा सपाट.

"बेन, हा गोल बघा ना," गुजराती सराफ म्हणाला. पण तिला आवडला म्हणून तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, गजेंद्रलाही तोच आवडला.

तिच्या वडिलांचा, अण्णांचा अंगठा अगदी असाच होता, हे तिने त्याला सांगितलं नाही. पांडेसरा भागातल्या डाईंग मिलमध्ये मशीनने त्याची कड नेली होती आणि निळा रंग कायमचा मुरला होता. ती परीक्षेला निघाली की अण्णा तो तिच्या कपाळावर टेकवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

नीलम लाभतो का ते बघायला आईने तो तीन रात्री तिच्या उशाखाली ठेवला. हर्षदाला साधं स्वप्नही पडलं नाही.

चौथ्या सकाळी गजेंद्र त्याच्या घरून, चलथाणहून आला. "उठल्यापासून घासतोय, जातच नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर निळा ठसा होता, एका बाजूने सपाट.

आईने हात जोडले. "तुझे अण्णा जावई पाहून गेले गं," ती म्हणाली.

हर्षदाचे डोळे भरून आले. तिने हलकेच ठशावर बोट ठेवलं.

ठसा ओला होता, आणि अजून कोमट.