व्हॉल्व्हमधली काडी

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकायचं, म्हणून काल मी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीची काडी तासून त्यात ठोकली. सकाळी प्लंबर रोशनला फोनवर ऐटीत सांगितलं. तो ओरडलाच. "काका, आतला दाब तिथूनच निघते. थर्मोस्टॅट खराब हाय, पाणी उकळून राह्यलं असन. मेन स्विच पाडा, सगळ्याइले बाहेर काढा." स्विच पाडला, तरी गीझरची घरघर थांबेना. न्हाणीत सून होती. दार बडवलं. "वृषाली, निघ, गीझर फुटते." ती हसली. "मामाजी, परवा तुमच्या मोटारसायकलवर वाघ बसला, आज गीझर काय?" खरं बोलायची सवय नसली की असं होतं. आवाज सरळ ठेवला. "तुझी माय आली कारंज्याहून, रडून राह्यली." कडी निघाली. ओल्या केसांनी ती अंगणात धावली, मागं मी. "कुठं हाय माय?" मी बोलायच्या आत न्हाणीचं दार उडालं.