निम्मं ऑईल

गाडीखाली ठेवलेल्या घमेल्यात गिअरबॉक्सचं काळंभोर ऑईल पडत होतं. कुंदाताई स्टुलावर बसून बघत होत्या. यजमानांचा डावा पाय अधू, म्हणून त्यांनी ही बिनक्लचची गाडी सेकंडहँड घेतली होती. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. आता मागच्या सीटवर त्यांच्या कपड्यांची दोन गाठोडी होती, आश्रमात द्यायची. "आज कपाट रिकामं करून मोकळी होते," असं त्या मुलाला फोनवर ठणकावून आल्या होत्या.

धार थांबली तसा मिस्त्रीने नट बसवला.

"एवढंच? आत अजून असेल की," कुंदाताई म्हणाल्या. "सगळंच काढा. जुनं ठेवायचं कशाला?"

"नको वहिनी. जुन्या गाडीला त्याची सवय झालेली असते. एकदम सगळं काढलं तर गिअर घसरायला लागतात. आज निम्मं बदलू, निम्मं महिन्याभरानं."

त्याने डाळिंबाच्या रसासारखं नवं ऑईल ओतलं. गाडी काही कुरकुर न करता आश्रमापर्यंत गेली.

तिथल्या बाईंनी एक गाठोडं उतरवून घेतलं आणि दुसऱ्याला हात घातला.

"ते राहू द्या," कुंदाताई म्हणाल्या. "ते महिन्याभरानं आणते."