मागच्या सीटचा बेल्ट

ओमानला येऊन चार वर्षं झाली, तेव्हा कुठे आमची सुट्टी जुळली. मी आणि जयप्रकाश, दोघंच, दार्सैतहून सूरकडे निघालो. वाटेत समुद्रात डॉल्फिन दिसले आणि मी चक्क नाचले!

पुढे एक उंट थेट गाडीपाशी आला. मी पुढे केलेले खजूर सोडून तो मागच्या खिडकीतून आत बघत राहिला.

निघालो, तर मागचा बेल्ट लावला नाही म्हणून गाडी टिंग-टिंग करायला लागली.

"तुझी डब्यांची पिशवी," जयप्रकाश हसला.

मी उतरून पिशवी डिकीत टाकली. सीट रिकामी झाली, तरी टिंग-टिंग चालूच.

"यल्ला, बेल्ट लावा बघू!" तो मागे न बघताच ओरडला. मला हसू आवरेना.

मागे खट्कन बेल्ट लागला. टिंग-टिंग थांबलं.