चौथ्यांदा इन्स्टॉल
पाच वाजेपर्यंत मुलाखतीसाठी लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम पाठवला नाही, तर लेकीची नोकरी हुकणार होती. त्याला लागणारं तयार पॅकेज चौथ्यांदा इन्स्टॉल करून तिने तो चालवला. उत्तर तेच, त्या पॅकेजचं मॉड्यूल सापडत नाही. “इन्स्टॉल झालंय म्हणतं आणि सापडतही नाही! मेलं खोटारडं!” तिने टेबलावर मूठ आपटली. मी जन्मभर नळजोडणी केली. वाचायला पन्नाशीत शिकलो, म्हणून एकही अक्षर सोडत नाही. “पॅकेज गेलंय तिथे पायथॉन ३.९ लिहिलंय. पडद्याच्या कोपऱ्यात ३.१२ कसं?” “बाबा, डोकं नका खाऊ,” म्हणत ती थबकली. यंत्रात प्रोग्रॅम चालवणारे जुना-नवा असे दोन पायथॉन होते. “पाणी एका टाकीत भरतेस, नळ दुसरीचा सोडतेस.” तिने नव्यात पॅकेज टाकलं, प्रोग्रॅम चालवला. पुन्हा लाल अक्षरं. “आता भलतंच मॉड्यूल नाही म्हणतंय!” ती रडकुंडीला आली. मी खुर्ची जवळ ओढली. “म्हणजे पहिलं सापडलं.”