सुईन मडम

बैलांची दमणी दारात उभी राहिली. लोटन खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "सुईन मडम तुम्हीच ना? चाला. घरमा समदा वाट देखी ऱ्हायनात."

सिग्रिड मडमचा चेहरा उजळला. शहाद्याच्या मुलींना भूगोल शिकवायला ती स्वीडनहून आली, त्याला दोन वर्षं होत आली होती. एवढ्या काळात जो भेटेल त्याला ती एकच गोष्ट समजावत आली होती. सुईन नाही, स्वीडन. स्वी-डन. ऐकणारा मान डोलवायचा, "हां, सुईन" म्हणायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. बायका पदराआड हसायच्या. इथल्या जिभेला तो शब्द पेलत नाही, अशी मडमनं आपली समजूत करून घेतली होती. तिच्या पुस्तकी मराठीत सुईण अजून आलीच नव्हती, आणि सांगणार तरी कोण?

आज मात्र थेट कळसाडीहून बोलावणं आलं होतं. घरची सगळी वाट बघताहेत म्हणे. मडम धावत आत गेली आणि नकाशा घेऊन आली.

नकाशा कागदाचा नव्हता. उत्तरेकडच्या मुलखाचा चारशे वर्षांपूर्वीचा एक नकाशा समोर ठेवून मडमच्या आईनं तो मऊ लिननवर सुईनं भरला होता. निळ्या दोऱ्याची सरोवरं, करडे डोंगर, आणि समुद्रात जबडा वासलेले मासे. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा ठिपका होता, ते मडमचं गाव.

दमणी धुळीच्या वाटेला लागली. बैलांच्या घुंगरांच्या तालावर मडमनं डोळे मिटले आणि भाषण घोकायला सुरुवात केली. मंडळी, एके काळी आमचा देश कोणाला ठाऊकच नव्हता. उत्तरेला बर्फ आणि राक्षस, एवढंच लोक जाणत. मग आमच्या विद्वानांनी किनारे काढले, नद्या रेखल्या, गावांची नावं लिहिली. राजाचे वकील परक्या दरबारात जात, तेव्हा देश त्यांच्याआधी तिथं पोचलेला असे. ज्याला तुमचा मुलूखच ठाऊक नाही, तो तुमच्याशी तह काय करणार? आधी नकाशा, मग बोलणी.

तिनं डोळे उघडले. वाऱ्यावर ऊस हलत होता, तो तिला समुद्रासारखा दिसला. बांधावरच्या काट्यांना कापूस अडकला होता, आणि फाल्गुनाच्या त्या उन्हात तिला घरचा बर्फ आठवला. दोन वर्षांत तिला इथं कोणी विचारलं नव्हतं, की बाई, तुझा मुलूख कुठला? आज विचारतील. लोटन बैलांना सारखा हाकत होता. ऐकायची केवढी ही घाई, या विचारानं मडमला भरून आलं.

लोटनच्या ओट्यावर माणसं खाली मान घालून बसली होती. कोणी रामराम केला नाही. आतून कण्हणं ऐकू येत होतं. लोटनची आई भिकुबाई दारातच उभी होती.

"उनी सुईन," ती म्हणाली. "दगूबाई सुईन लेककडे विसरवाडीले गई. आते तूच, माय."

मडमनं आत पाहिलं. चुलीवर पाणी उकळत होतं. जमिनीवरच्या गोधडीवर लोटनची बायको कोकिळा घामानं भिजून पडली होती. पहिलंच बाळंतपण. दोन वर्षांचं ते पदराआडचं हसणं मडमला एका क्षणात कळलं.

"मला यातलं काही येत नाही," ती हळूच म्हणाली.

भिकुबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "माले थोडंफार येस. पन ती मन्हं आयकत नही. घाबरेल शे. तू तिन्हासंगे बोल."

मडम कोकिळेजवळ बसली. काय बोलावं ते सुचेना. शेवटी तिनं आपल्या देशाचे वकील करत तेच केलं. नकाशा उलगडला.

कोकिळेची नजर कापडावरून फिरली आणि समुद्रात अडली. "हाई काय शे?"

"राक्षस. त्या पाण्यात काय आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून भीतीनं काढले."

"तठे गयात, त्या परत उनात का?"

"आले," मडम म्हणाली. "ते जाऊन आले, आणि मग नकाशातून राक्षस गेले."

कोकिळेनं समुद्राची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली. मडम आपल्या भाषेत एकेका सरोवराचं नाव घेऊ लागली. कोकिळेला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दर नावागणिक ती श्वास घेत होती, आणि पायाशी बसलेल्या सासूचं आता ऐकत होती. त्या मातीच्या खोलीत मडमला वाटलं, बाहेर बर्फ पडतो आहे आणि आपण दोघी एकाच होडीत आहोत.

दिवे लागायच्या सुमाराला रडणं ऐकू आलं.

"आंडेर व्हयनी," भिकुबाई म्हणाली. लेक झाली होती. तिनं हाताशी आलेलं मऊ कापड कोकिळेच्या मुठींतून ओढून घेतलं. मडमचा हात झटकन पुढे झाला. आईच्या हातचा नकाशा होता तो. मग त्याच हातानं तिनं कापडाचं एक टोक धरलं, दुसरं भिकुबाईनं, आणि दोघींनी मिळून पोरीला त्यात गुंडाळलं. निळ्या सरोवरांवर रक्ताचे डाग पडले. आपल्याला इतका आनंद याआधी कधी झाला होता, ते मडमला आठवेना.

सगळं शांत झाल्यावर भिकुबाई तिच्याजवळ येऊन टेकली. तिनं मडमच्या तोंडावरून हात फिरवला.

"तू कोठली, माय? तुन्हा मुलूख कोनता शे?"

मडमनं पोरीकडे पाहिलं. तो लाल ठिपका पोरीच्या गालाखाली दबला होता. अख्खं भाषण तोंडपाठ होतं.

"सुईन," मडम म्हणाली.