दुसरा कंट्रोलर

टेंभुर्णीचं स्थळ जमलं तर भीमाला पगारदार जावई मिळणार होता आणि भावकीची तोंडं बंद होणार होती. सव्वीस पूर्ण झालेल्या मुलीच्या बापाला दुसरा नफा मोठा. म्हणून एरवी कोथिंबिरीच्या जुडीपायी दोन रुपयांवर अडणारा भीमा, सोलापुरातल्या आपल्या दोन खोल्यांत याद्या करायला बसल्यापासून नुसता 'व्हय' म्हणत होता. मंडप, व्हय. मानपान, व्हय. हळदीकुंकू लावलेला कागद भरत आला.

"आता हौसेचं," मुलाचा मामा बिरुदेव म्हणाला. "आमी काय मागत न्हाय. पण ऋतुराजला गेमचा लई नाद. टीव्हीला जोडायचा डबा असतो बघा, पन्नास-पंचावन्न हजाराचा."

"त्यापरीस कंप्युटर लिहू की. आमची सोनाली दुकानात तेच जोडती. स्वस्तात पडंल. गेम बी चालतंय, काम बी हुतंय."

"कंप्युटर सुनेबरोबर येणारच. घरचा माल कुणी यादीत धरतं व्हय?"

सगळे हसले. चहाचे कप गोळा करणारी सोनाली हसली नाही. तिने सरळ ऋतुराजलाच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

ऋतुराज खुलला. आडवं पडून खेळायचं तर डबाच, म्हणाला. कंप्युटरमध्ये सारखं काहीतरी बदलत बसावं लागतं. ती म्हणाली, बदलता येतं म्हणूनच तो दहा वर्षं चालतो, आणि तुमच्या डब्याचा एकेक गेम चार-चार हजाराला. दोघं असे जुंपले की मुलाच्या आईने, विजयमालाबाईंनी, भावाला कोपराने डिवचलं. जमलं.

"बरं, डबा तर डबा," सोनाली म्हणाली. "अप्पा, हातात धरून खेळायचे कंट्रोलर दोन लिहा. डब्यासोबत एकच येतो."

"एक बास की," ऋतुराज म्हणाला. "तुला कुठं वेळ मिळणार?"

"का? तुमच्यासारखी मीपण सातला सुटते."

"दुकान सुटणारच आता," विजयमालाबाई गोडीत म्हणाल्या.

"म्हणजे डबा अप्पांच्या पैशाचा, कंप्युटर माझ्या हातचा, आणि मी नुसतं बघत बसू?"

"बघत कशाला बसतीस? चहा ठेवायचा!" बिरुदेव म्हणाला.

या वेळी मामा एकटाच हसला. सोनालीने कपांचा ट्रे यादीच्या कागदाशेजारी ठेवून दिला. भीमाने तिच्याकडे पाहिलं. मग ऋतुराजकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता. भीमाने पेनला टोपण लावलं आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"काय झालं पावनं?" मामाने विचारलं.

"झालं लिहून."

"आवो, एका कंट्रोलरपायी सोयरीक मोडता? सव्वीस वर्सांची पोर! कोण करतंय बघू की!"

"डबा परवडला असता मला," भीमा उठत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "हे न्हाय परवडत. चला, उटा."

पाहुण्यांची जीप दारात उभी होती. ती आणण्याचं भाडं मुलीकडच्यांनी द्यायचं, हे आधीच ठरलं होतं. ते भीमाने सकाळीच दिलेलं. आता त्याने ड्रायव्हरला विचारलं, "माघारी किती?"

ड्रायव्हरने सवयीने पाचशे वाढवून सांगितले.

येण्याचं भाडं भीमाचं होतं, जाण्याचंही त्यानेच भरलं. सकाळी त्याने दीडशे कमी करून घेतले होते. परतीला एक रुपयाही कमी करून घेतला नाही.