नेमलेली जागा

“त्या चार डिस्क आज सोडाच, रत्नमालाबाई. रिकाम्या पडून आहेत, कायले अडवून ठेवल्या?” नागपूरच्या ऑफिसातून साहेबांचा, मधुकररावांचा आवाज लॅपटॉपमधून आला.

“नाही सोडत, सर.”

टाळेबंदीपासून रत्नमाला शहापूरच्या घरात, सपरीत, म्हणजे ओसरीवर बसूनच विमा कंपनीचं मेनफ्रेम, म्हणजे मुख्य मोठं मशीन, सांभाळायची. गेले दोन महिने एजंटांच्या यादीचा प्रोग्राम महिनाअखेरीला मध्येच कोसळत होता. असं झालं की मशीन पोटातलं सगळं डिस्कवर ओतते. त्याला डम्प म्हणतात. चूक कुणाची, ते त्यातच दिसतं. पण ओतायला जागा आधीच नेमलेली लागते. दोन्ही वेळा जागा भरलेली निघाली, डम्प अर्धाच उतरला आणि खापर फुटलं रत्नमालाच्या माथ्यावर.

“पुन्हा झालं तं घरी बसाल,” मधुकरराव म्हणाले होते.

“घरीच बसून आहो न, सर.”

मग तिनं चार डिस्क फक्त डम्पसाठी राखल्या. लागेल तेवढी जागा मशीननं आपणच घ्यावी, अशी सोय केली. ऑफिसात सगळे हसले. पटलं ते एकट्या सासूला. तुळसाबाई म्हणाली, “धान घरात आल्यावर ते ठेवायले ढोली विणत बसते का कोणी?”

आणि आता, बोलता बोलताच, प्रोग्राम पुन्हा कोसळला.

या खेपेला डम्प पुरा उतरला. रत्नमाला ओळीमागून ओळ वाचत गेली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. एजंटांचा तक्ता. त्यात पाचशे नावांपुरतीच जागा. दोन महिन्यांपूर्वी लागलेला पाचशे एकावा एजंट बिचारा तक्त्यात न मावून शेजारच्याच्या घरात घुसला होता.

तक्ता सहा वर्षांपूर्वी तिनंच लिहिला होता. पाचशेच्या वर कोण येते, म्हणून.

“याहीवेळी अर्धाच असन,” मधुकररावांचा आवाज मऊ झाला. “पुसून टाका तो. डिस्क सोडा, मीही विषय वाढवत नाही.”

डम्प तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. पुसायला एक ओळ पुरे होती. तिनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“पुरा उतरला, सर. चूक सापडली. माझीच आहे.”

तिनं ती ओळ मधुकररावांना पाठवून दिली.

“संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देते. मग मले काढायचं तं काढा,” रत्नमाला म्हणाली, “त्या चार डिस्क मातर काढू नका.”